छोट्या फोनची बॅटरी एवढीच चालते

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा मोबाइलवाला मला लांबून बघितलं तरी मान खाली घालतो. घालू दे. मी त्याच्याशी जेवढी भांडले तेवढी सासूशीसुद्धा भांडले नाही, आणि सासूशी कमी भांडले अशातला भाग नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी म्हणायचे. सासरी आल्यावर तेच ऐकलं, आणि कारेगावला राहून कंपनीत जायला लागले तर लाईनवरच्या बायकाही तेच म्हणायला लागल्या. मनात आलं की बोलून मोकळं व्हायचं, एवढंच मला येतं.

भांडण फोनचं होतं. आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मला छोटा फोन हवा होता. छोटा, पण बटणाचा नको. माणूस कुठं आहे ते दाखवणारा हवा. आणि त्याची बॅटरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टिकली पाहिजे. दुकानदार काचेवर नुसती मोठ्या मोठ्या फोनांची खोकी मांडत होता.

"ताई, आता छोटं फोन येतच न्हाईत. लोकांना पिक्चर बघायला मोठी स्क्रीन लागती."

"माझ्या वडलांना पिक्चर बघायचा न्हाई," मी म्हटलं. "ते हरवायला नकोत, एवढंच बघायचंय."

आबा दौंडला रेल्वेत गँगमन होते. सगळी उमर रुळांच्या कडेनं चालण्यात गेली. दौंडहून पाटसच्या बाजूला त्यांची बीट होती, म्हणजे लाईनचा तेवढा तुकडा त्यांच्या गँगनं सांभाळायचा. हातात हातोडा, काखेत लाल-हिरवी झेंडी, पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीला टॉर्च. टॉर्चचे सेल साहेबांकडून वेळेवर कधी मिळाले नाहीत. मग आई उतरलेले सेल क्वार्टरच्या भिंतीवर उन्हात मांडून ठेवायची, आणि ते आणखी एखादी रात्र मिणमिणायचे. क्वार्टरच्या आमच्या लाईनीत घरटी हीच रीत होती. रिटायर झाल्यावर आबा-आई शिरूरला आले, विहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधलं. मी एकुलती एक. लग्न होऊन जवळच राहिले, त्याचं आबांना फार बरं वाटलं होतं.

मग आबा विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली. मग जेवलो की नाही ते कळेना. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाले, "तुम्ही कोणत्या गँगचं?" सगळं विसरले, पण ड्यूटी विसरले नाहीत. सकाळी आंघोळ करायची, भाकरी खायची, आणि "निघतो, गँग थांबली आसंल" म्हणून बाहेर पडायचं. थेट स्टँडवर जाऊन दौंडच्या गाडीत बसायचे. पंच्याहत्तरी उलटल्यावर एसटी फुकट, त्यामुळं खिसा रिकामा असला तरी अडायचं नाही. कंडक्टर ओळखीचे झालेले. एकदा आईनं बाहेरून कडी घातली तर त्यांनी दारावर डोकं आपटून रक्त काढलं. त्यानंतर कडी घालायची हिंमत कुणालाच झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, सांभाळा त्यांना. सांभाळा म्हणायला काय जातंय. आईच्या गुडघ्यांत पाणी, तिला विहारापर्यंत चालवत नाही. मी आणि नवरा दोघंही कंपनीत. सांभाळायचं कुणी आणि कसं, हे सांगायला कुठला डॉक्टर बसलाय?

म्हणून फोन. बटणाचा आधी देऊन बघितला होता. तो चार-चार दिवस चालायचा, पण वाजला की आबा नुसते इकडंतिकडं बघत बसायचे, उचलायचे नाहीत. मग नवऱ्याचा जुना मोठा फोन दिला. तो छातीवर जड लागतो म्हणून त्यांनी चहाच्या टपरीवर काढून ठेवला आणि निघून गेले. तो गेला तो गेलाच.

शेवटी त्या दुकानदारानं खालच्या खणातून एक फोन काढला. जुना, पण अंगानं धड, तळहातात मावणारा. आईनं आबांच्या बंडीला आतल्या बाजूनं खिसा शिवला आणि वर बटण लावलं. फोन आत गेला की आबांना त्याचा पत्ताही लागायचा नाही.

"पर ताई, आत्ताच सांगतो," दुकानदार म्हणाला होता. "छोटा फोन म्हंजी छोटी बॅटरी. आत जागाच न्हाई तर घालणार कुठं? लोकेशन चालू ठिवलं तर दुपारपातूर, लई तर चारपातूर. मोठ्या फोनागत आशा धरू नका."

"मग इकता कशाला?"

"तुम्हीच मागितला की."

त्याला खोटं पाडायचंच असं मी मनावर घेतलं. फोनमधलं जे जे बंद करता येईल ते बंद केलं. गाणी नाहीत, फोटो नाहीत, स्क्रीनचा उजेड एकदम कमी. फक्त आबा कुठं आहेत ते माझ्या फोनवर दाखवणारा निळा ठिपका तेवढा चालू. आणि चालला की हो फोन. दिवे लागले तरी थोडी बॅटरी शिल्लक असायची. मी मुद्दाम दुकानात जाऊन त्याला दाखवून आले.

कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात. जेवणाची सुट्टी झाली की बायका डबे उघडायच्या आणि मी गेटकडं पळायची. वॉचमनकडून फोन घ्यायचा, ठिपका बघायचा. ठिपका शिरूरात असला तर परत येऊन जेवायचं. दौंडच्या रस्त्याला असला तर दौंड स्टेशनवरच्या एका गँगमनला फोन लावायचा. आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, त्यांना मामा म्हणायचा. तो आबांना फलाटावरच्या बाकावर बसवायचा, चहा पाजायचा, आणि "मामा, साहेब यायचेत, तवर हितंच थांबा" म्हणून गुंतवून ठेवायचा. सुटी झाली की नवरा मोटारसायकल घेऊन दौंडला जायचा. येताना आबा मागं बसून म्हणायचे, "आज लई काम झालं." आम्ही हसायचो. हसायचो म्हणून निभायचं.

असं किती तरी वेळा झालं. दरवेळी ठिपक्यानं आबांना परत आणलं. ठिपका जिवंत तर आबा आपले, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शिमगा झाला, ऊन वाढायला लागलं, आणि फोन दुपारीच मान टाकायला लागला. आधी चारला, मग तीनला, मग जेवणाच्या सुट्टीत बघावं तर बंद. मी आईला विचारलं, "रात्री चार्जिंगला लावतीस ना?"

"लावती की. मी काय इसरंन व्हय?" आई म्हणाली. "त्याची तू नको काळजी करू. मी घेती त्याचं बराबर."

आई खोटं बोलणारी नाही. मग दोष दुकानदाराचाच. मी गेले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं. डुप्लिकेट बॅटरी घालून म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळता, लाज वाटत नाही का, असलं सगळं. त्यानं फोन उघडला. बॅटरी पुरीसारखी फुगली होती. दुसरी घालून दिली. ती नीट चालली, आणि मग थोड्याच आठवड्यांत तीही तशीच झाली. मी पुन्हा गेले. या वेळी त्याचाही पारा चढलेला.

"ताई, खरं सांगा, ह्यो फोन उन्हात ठिवता का कुठं? तापून तापून फुगल्याली दिसती ही."

"कोण येडं फोन उन्हात ठिवंल?" मी म्हटलं. "मला शिकवता व्हय? फोन बंडीच्या आत आसतो, त्याला उनाचं तोंड दिसत न्हाई."

त्यानं हात टेकले. "मग आसंल. छोट्या फोनची बॅटरी एवढीच चालती. मी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं." तिसरी बॅटरी मागवायला लागणार होती. ती येईपर्यंत आहे तीच फुगलेली त्यानं सांभाळून बसवून दिली आणि म्हणाला, जपून वापरा.

ती यायच्या आतच तो दिवस आला.

जेवणाच्या सुट्टीत गेटवर गेले. ठिपका दौंडच्या अलीकडं, भीमेच्या पुलावर. म्हटलं, गाडीत असतील, जातील पुढं. तिथंच उभी राहिले. ठिपका हलेना. फोन लावला तर बंद. दौंडच्या गँगमनला लावला तर तो सुट्टी घेऊन गावाला गेलेला. त्यानं तिथूनच कुणाला तरी बाकावर बघायला पाठवलं. बाकावर आबा नव्हते. फलाटावर कुठंच नव्हते.

मी तशीच सुट्टी मागायला गेले. सुपरवायझर म्हणाला, हाफ डे आधी सांगायचा असतो. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं, तो कपडे घालून निघालाच होता. तसाच गाडी घेऊन आला. आम्ही सुसाट दौंडच्या रस्त्याला लागलो. ऊन असं की गाडीवर बसूनही वारं भाजत होतं.

पुलावर कुणी नव्हतं. कठड्याला धरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालले. नवरा एसटी स्टँड बघून आला, स्टेशन बघून आला, पुन्हा पुलावर आला. मग आम्ही खाली काठाला उतरलो. भोई जाळी घेऊन बसले होते. त्यांना फोटो दाखवला. म्हातारं माणूस पुलावरून उतरताना कुणी बघितलं नव्हतं, पण त्यांच्यातले दोघं होडी घेऊन निघाले, बांबूनं पाण्यात चाचपत फिरले. बांबू कशाला अडकला की मी पाण्याकडं एक पाऊल पुढं सरकायची. नवरा म्हणत होता, अगं, फोनच बंद पडला असंल, गाडी पुढं गेली असंल. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. स्टेशनवर नाहीत, स्टँडवर नाहीत, मग आहेत कुठं? ठिपका इथं होता. ठिपक्यानं कधी फसवलं नव्हतं. पार अंधार पडेपर्यंत आम्ही त्या नदीला धरून राहिलो. मग चौकीत जाऊन फोटो दिला.

सकाळी दौंडहून फोन आला. लाईन तपासत चाललेल्या माणसाला आबा दिसले होते. पाटसच्या बाजूला, त्यांच्याच बीटमध्ये, रुळांपासून जरा बाजूला एका बाभळीला टेकून बसलेले. चपला काढून शेजारी जोडीनं ठेवलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा गँगमधली माणसं टोप्या काढून उभी होती. त्यांतल्या कुणीच आबांना कामावर असताना बघितलं नव्हतं, सगळे नवे. तरीही उभे होते.

झालं ते सरळ होतं. एसटी पूल ओलांडून रोजच्यासारखी दौंडला गेली होती. फोन पुलावर असताना मेला, म्हणून ठिपका पुलावर राहिला. आबा स्टँडवर उतरले, त्या दिवशी बाकाकडं गेलेच नाहीत, थेट आपल्या बीटवर चालत सुटले. फोन आणखी थोडा चालला असता तर ठिपका पुलावरून सुटून लाईनच्या कडेनं सरकताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला असता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, उष्माघात. संध्याकाळपर्यंत जीव असावा. मी त्यांना पुन्हा विचारलं, नक्की संध्याकाळपर्यंत? ते म्हणाले, अंदाज आहे बाई. संध्याकाळी मी नदीच्या काठाला बसून बांबूकडं बघत होते. गाडीवरून गेलं तर तिथून ती बाभळ काही लांब नाही.

बंडीचं बटण लावलेलंच होतं. फोन आत होता, थंडगार.

जलदान विधीला माणसं खूप आली. सगळ्यांचं एकच. वय झालं होतं, सुटले बिचारे, तुम्ही फार केलं. एका मावशीला मी विचारलंच, "सुटले म्हंजी काय वं? पाण्याबिगर बसले व्हते ते." मोबाइलवालाही आला होता. दारातच उभा राहिला, हात जोडले, आणि न जेवता गेला.

दुपारी सगळे पांगल्यावर आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर आबांची बंडी, आणि बंडीवर तो फोन. मी शेजारी बसले. फोनवरून बोट फिरवत ती म्हणाली, "माझ्यामुळं गेले ते."

"काय बोलतीस?"

"त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं. मी हंडे भरत बसले आन् फोन उन्हात ठिवायचा राहिला."

मला आधी कळलंच नाही. "कुठं ठिवायचा राहिला?"

"न्हाणीच्या पत्र्यावर. रोज ठिवायची बघ, त्यांची आंघोळ, भाकरी हुईस्तवर. सेल ठिवायचो तसा. चांगला तापला की फडक्यात गुंडाळून बंडीत घालायची, म्हंजी त्येचा जोर टिकून ऱ्हाईल. एक दिस चुकले न्हाई. तू म्हनलीस दुपारीच बंद पडतोय, तवापासनं तर आनखी लवकर ठिवत व्हते, आनखी येळ. आन् त्याच दिवशी तेवढं इसरले. उन्हात ठिवला आसता तर चालला आसता गं. तू बघितलं आसतंस त्यास्नी."

तिचे हात माझ्या हातांएवढेच, बारीक, नखांत पांढरं पीठ. त्या हातांनी तिनं रोज सकाळी तो फोन तापत्या पत्र्यावर ठेवला होता. दोन बॅटऱ्या तिनं मारल्या होत्या, आणि मी त्यापायी परक्या माणसाला भर दुकानात वाटेल ते बोलले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं तोंडाशी आलं. उन्हानंच मेली गं बाई ती बॅटरी, तूच. एवढंच बोलायचं होतं, आणि आजवर मी कधी कुणासाठी तोंड आवरलं नव्हतं.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तुझ्यामुळं काय न्हाई," मी म्हटलं. "छोट्या फोनची बॅटरी एवढीच चालती. दुकानदार पयल्याच दिवशी बोलला व्हता."

"पर उन्हात ठिवला आसता तर?"

"तरी तेवढीच चालली आसती, आई."

तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. मी शिरूरला गेले की भाकरी थापता थापता ती मधेच विचारते, "नळ त्या दिवशी येळंवर आला आसता तर?" आणि मी तेच उत्तर देते. दुकानात जाऊन मी मोबाइलवाल्याला एवढंच सांगितलं, की तुमच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या. त्यानं कारण विचारलं नाही. बहुतेक ओळखलं असावं. तेव्हापासून तो मान खाली घालतो.

मागच्या रविवारी आईकडून निघताना माझा फोन सापडेना. पिशवी उपसली, अंथरूण झटकलं. गाडीची वेळ झालेली, मी चिडचिड करत होते. तेवढ्यात आई न्हाणीकडून गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आली. पदरात काहीतरी गुंडाळलेलं. सोडून माझ्या हातावर ठेवलं तर माझाच फोन, हाताला चटका बसेल इतका तापलेला.

"सकाळपासनं ठिवलाय," ती म्हणाली. "आज इसरले न्हाई. आता वाटंत बंद पडायचा न्हाई तुझा."

"बरं केलंस, आई," मी म्हटलं. फोन पिशवीत टाकला आणि स्टँडकडं निघाले.